मदयनची विहीर आणि मदयनचे माप

पवित्र कुरआनात मदयन या वस्तीचा उल्लेख दोन प्रेषितांच्या संदर्भात येतो. हजरत शुऐब (अलै.) यांना तेथील रहिवाशांकडे पाठविण्यात आले आणि त्यांनी आपल्या लोकांना एका अल्लाहच्या उपासनेबरोबरच माप व वजन पुरे देण्याची ताकीद दिली. हजरत मूसा (अलै.) हे जिवाच्या भीतीने मिसर सोडून, उपाशीपोटी, त्याच वस्तीच्या पाणवठ्यावर पोहोचले आणि त्यांनी तेथे दोन अनोळखी स्त्रियांच्या जनावरांना पाणी पाजले. आपल्या वाअजांमध्ये या हकिकती निरनिराळ्या प्रसंगी सांगितल्या जातात. व्यापाऱ्यांपुढे बोलताना शुऐब, तरुणांपुढे बोलताना मूसा. त्या दोन्ही एकत्र ठेवून वाचाव्यात असे मला वाटते, आणि त्याचे निमित्त आहे चंद्रपूर व गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांतील आपल्या सुशिक्षित तरुणांमध्ये स्वयंसेवेविषयी निर्माण झालेली आस्था.

ही आस्था स्वागतार्ह आहे. सुट्टीच्या दिवसांत गावोगावी जावे, बचतगटांना मध, चारोळी, मोह यांवर प्रक्रिया कशी करावी आणि माल कसा विकावा हे शिकवावे, असे मनसुबे आता मशिदीच्या ओट्यावर ऐकू येतात. कृषी शाखेची पदवी घेतलेल्या एका तरुणाने तर मला विचारले की, आफ्रिकेतील खेड्यांत शेतकऱ्यांना धान्य साठवणूक, प्रतवारी व विक्री यांत साहाय्य करण्यासाठी काही संस्था स्वयंसेवक पाठवितात. मी वर्षभर तिकडे गेलो तर तो सदका ठरेल काय? शेजारी बसलेल्या एका बुजुर्गांनी लगेच हरकत घेतली की, घरचे उपाशी ठेवून परक्याला घास कशाला? हरकत अगदीच निराधार नाही. जकात जवळच्या गरजवंतांपासून सुरू करावी आणि सबळ कारणाशिवाय दुसऱ्या नगरात नेऊ नये, असे आपल्या फुकहांनी म्हटले आहे. परंतु नफली सदक्याला आणि खिदमतीला त्यांनी अशी सीमा घातलेली नाही. कुवेतचे डॉक्टर अब्दुर्रहमान अस्सुमैत यांनी आपली रुग्णालयातील प्रतिष्ठेची जागा सोडून आफ्रिकेच्या खेड्यांत विहिरी, शाळा आणि अनाथालये उभी करण्यात आयुष्य वेचले. ते २०१३ साली वारले, तेव्हा त्यांच्या देशबांधवांनी त्यांना घर विसरल्याचा दोष दिला नाही. अंतराचा प्रश्न म्हणून येथेच संपतो. उरतो तो अधिक कठीण प्रश्न: जो जाईल त्याने तेथे काय करावे, म्हणजे ते साहाय्य ठरेल? आणि निघण्यापूर्वी त्याने आपल्या घरी काय केलेले असावे?

पहिल्या प्रश्नासाठी सूरह अल-कससमधील विहिरीचा प्रसंग नीट पाहू या. मूसा (अलै.) पाणवठ्यावर येतात. धनगरांची गर्दी आपापल्या जनावरांना पाणी पाजत आहे आणि दोन स्त्रिया आपली जनावरे मागे रोखून उभ्या आहेत. ते पुढे होऊन आपणच पाणी ओढावयास लागत नाहीत. प्रथम त्या स्त्रियांना त्यांची अडचण विचारतात. उत्तर मिळते की, हे धनगर निघून गेल्याखेरीज आम्हांला पाजता येत नाही आणि आमचे वडील वृद्ध आहेत. मग मूसा पाणी पाजतात आणि सावलीत जाऊन बसतात. तेथे ते आपल्या पालनकर्त्यापाशी स्वतःची गरज मांडतात. त्या स्त्रियांकडे काही मागत नाहीत.

या प्रसंगातील एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या स्त्रियांना जनावरे पाळण्याचे ज्ञान कमी नव्हते. मूसांनी त्यांना पशुपालन शिकविले नाही. त्यांना मिळत नव्हती ती फक्त पाणवठ्यावरची पाळी, आणि ती बलवानांनी अडवून धरली होती. दुर्बलांची दैन्यावस्था ही बहुतेक वेळा अज्ञानातून आलेली असते, असे आपण शिकलेले लोक गृहीत धरतो, कारण आपल्यापाशी देण्यासाठी शिक्षणच असते. ज्याच्या हातात हातोडा आहे तो खिळा शोधत फिरतो, तसा हा प्रकार आहे. विचारल्याविना हे कळत नाही की समोरच्याला ज्ञान हवे आहे, की पाळी.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू जर गिफारी (रजि.) यांची एक हदीस आहे. श्रेष्ठ कर्मांविषयी त्यांनी प्रेषितांना (स.) एकामागून एक प्रश्न विचारले आहेत. ईमान, जिहाद, गुलामाची मुक्तता यांचा उल्लेख झाल्यावर, ते न जमल्यास काय करावे, यावर प्रेषितांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, कारागिराला त्याच्या कामात हातभार लाव, किंवा ज्याला काम जमत नाही त्याचे काम करून दे. कारागिराचा उल्लेख आधी आहे. सदका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पसरलेला हात येतो. येथे डोळ्यांपुढे आणला आहे तो काम करणारा हात.

सुनन अबू दाऊदमधील अन्सारी माणसाची हकिकत तर आपल्या जंगलपट्टीत जणू कालच घडल्यासारखी वाटावी. तो मागावयास आला. घरात काय आहे, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले. एक जाड कापड, ज्याचा काही भाग अंगावर घेत व काही अंथरीत, आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. त्या दोन वस्तू मागवून प्रेषितांनी स्वतः त्यांचा लिलाव पुकारला. एकाने एक दिरहम सांगितला. त्यांनी अधिक कोण देतो, असे पुनःपुन्हा विचारले आणि दोन दिरहमांस वस्तू दिल्या. एका दिरहमाचे घरी अन्न, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा आपल्या हाताने बसवून दिला आणि लाकडे तोडून विकावयास पाठविले. पंधरा दिवस मला दिसू नकोस, असेही बजावले. तो परतला तेव्हा त्याच्यापाशी दहा दिरहम होते. साहाय्याचे सगळे शास्त्र या हकिकतीत आहे. त्याच्याच मालाला वाजवी भाव मिळवून देणे, अवजार देणे, आणि नंतर दूर होणे. लाकूड कोठे मिळते, कोणते जळावयास चांगले, हे त्याला कोणी शिकविले नाही. ते त्याला ठाऊक होते.

शेतीच्या ज्ञानाबाबत तर आपल्यापुढे खुद्द प्रेषितांचे (स.) उदाहरण आहे. मदीनेचे बागाईतदार नर खजुरीचा फुलोरा मादी खजुरीवर बसवीत. प्रेषितांनी ते पाहून त्यामुळे काही लाभ होत असेल असे वाटत नाही, असे म्हटले. लोकांनी तसे करणे सोडले आणि त्या साली फळ कमी आले. तेव्हा त्यांनी स्पष्ट केले की, तो माझा केवळ कयास होता. अल्लाहकडून सांगेन ते घ्या, तुमच्या दुनियेच्या व्यवहाराची जाण तुम्हांला अधिक आहे. सहीह मुस्लिममधील या हदीसवरून उलेमांनी पुष्कळ सूक्ष्म चर्चा केलेली आहे. तिच्यात न शिरता इतके म्हणता येईल की, ज्या उम्मतीच्या प्रेषिताने खजुरीच्या बाबतीत बागाईतदाराचा अधिकार मान्य केला, त्या उम्मतीच्या पदवीधराने धानाच्या बांधीत उतरताना आवाज थोडा खाली ठेवावा.

धानाचे नाव काढले म्हणून नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्याचे दादाजी खोब्रागडे आठवतात. तिसरीपर्यंत शिकलेला, अत्यल्प जमिनीचा हा शेतकरी. १९८३ साली पटेल-३ या वाणाच्या उभ्या पिकात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढल्या वर्षी जपून पेरल्या, पुन्हा निवडल्या. काही वर्षांत बारीक दाण्याचा, चवीचा, भरघोस येणारा धान हाती आला. बाजारात त्याला नाव नव्हते. तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून व्यापाऱ्याने त्याला ‘एचएमटी’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. बियाणे त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिले. तो तांदूळ जिल्ह्याबाहेर आणि राज्याबाहेर गेला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार मिळाला. संपत्ती मात्र आली नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या आजारपणाच्या खर्चाची चिंता वर्तमानपत्रांत छापून आलेली होती. या माणसाला धान कसा पेरावा हे शिकविण्यासाठी कोणाला पाठविणार? त्याला साहाय्य लागले असते ते दुसरेच: संशोधनाची नोंद, हक्काचा कागद, बियाण्यावरचे नाव.

आफ्रिकेतही असेच एक नाव आहे. बुर्किना फासोच्या उत्तरेकडील यातेंगा प्रांतातले याकूबा सावाडोगो हे लहानपणी मालीतील कुरआनी मदरशात शिकले, पुढे बाजारात दुकान चालविले आणि १९८० च्या सुमारास, दुष्काळाने लोक गाव सोडू लागले असता, ते शेतीकडे परतले. टणक झालेल्या जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे खणून ठेवण्याची तेथे ‘झाई’ नावाची जुनी रीत होती. त्यांनी खड्डे मोठे केले आणि त्यांत शेणखत घातले. खताला वाळवी आली, वाळवीने जमीन पोखरली, आणि पहिल्या पावसाचे पाणी आत मुरले. भर उन्हाळ्यात कोरडी जमीन खणणाऱ्या या माणसाला गावाने वेडा ठरविले होते. १९८४ पासून त्यांनी बाजाराचे दिवस भरवून दूरदूरच्या शेतकऱ्यांना बियाणे व अनुभव यांची देवघेव करावयास बोलाविले. २०१८ चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला. २०२३ च्या डिसेंबरात त्यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांची मगफिरत करो.

त्याच यातेंगा प्रांतात १९७९ पासून ऑक्सफॅम या संस्थेचा एक प्रकल्प चालू होता, आणि स्वयंसेवकाला शिकण्यासारखे त्यात बरेच आहे. बाहेरून आलेली मंडळी झाडे लावण्यासाठी आली होती. शेतकऱ्यांनी ऐकून घेतले आणि पाणी अडविण्याची ती युक्ती झाडांऐवजी धान्यासाठी वापरली. प्रकल्पाने हट्ट धरला नाही. जुन्या दगडी ओळी शेतकऱ्यांना ठाऊक होत्या. त्या समपातळीवर कशा टाकाव्या एवढेच अडत होते. त्यावर उपाय निघाला तो पाणी भरलेली एक पारदर्शक नळी आणि दोन काठ्या यांचा. निरक्षर माणूसही एक-दोन दिवसांत शिकेल असा. ही नळी मला त्या अन्सारी माणसाच्या कुऱ्हाडीच्या दांड्याची धाकटी बहीण वाटते.

आता परत आपल्या जंगलात येऊ. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीचे नाव वाचकांनी ऐकलेले असेलच. तेथे देवाजी तोफा आणि त्यांचे गाव होते, आणि चंद्रपूरहून येणारे मोहन हिराबाई हिरालाल होते. बाहेरून येणाऱ्याची जागा तेथे विचारपूर्वक ठरविलेली होती. अभ्यासगटात त्याने बसावे, कायदा वाचून समजावून द्यावा, प्रश्न विचारावेत. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. आपल्याकडील शूरा या तत्त्वाची आठवण व्हावी अशी ही पद्धत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली गावाला सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेता येईना, कारण वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडे होता आणि बांबू हे झाड की गवत यावर वाद घातला जात होता. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. बांबू कसा तोडावा हे मेंढ्याच्या लोकांना कोणी शिकवावयास नको होते. त्यांची पाळी अडली होती. मदयनच्या विहिरीवरचा मोठा धोंडा येथे एका परवाना-पुस्तकाच्या रूपाने होता.

मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे दशकानुदशके थांबणे प्रत्येकाला शक्य नाही. सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत दर मे महिन्यात आठवडाभरासाठी मुले येतात, घाम गाळतात आणि परत जातात. अशा छावणीतून येणाऱ्याला लाभ होतो आणि गावाला त्यामानाने थोडा, हे तेथील जाणते लोक लपवीत नाहीत. ती छावणी संस्कारासाठीच आहे. घोटाळा होतो तो स्वतःच्या शिक्षणाला दुसऱ्याचा उद्धार म्हणण्यात.

येथून आपण नियतीकडे येतो. स्वयंसेवकाला अनुभव मिळतो, प्रमाणपत्र मिळते, नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते. मग इखलास कोठे राहिला? इमाम गजाली (रह.) यांनी इह्यामध्ये संमिश्र हेतूंचा जो विचार केला आहे, त्याचे सार असे की कोणता हेतू प्रबळ होता यावर कर्माचा मोबदला अवलंबून राहतो, दुनियेचा लाभ सोबत आला म्हणून सगळे कर्म व्यर्थ होते असे नाही. मूसांनाही (अलै.) सावलीतून बोलावणे आले, मेहनताना देऊ केला गेला, आसरा मिळाला, संसार मिळाला. त्यांनी तो नाकारला नाही. म्हणून प्रमाणपत्राविषयी मला फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती छायाचित्राविषयी. सूरह अल-बकरामध्ये उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नये, अशी सक्त ताकीद आहे. नियतीतील दोषाने करणाऱ्याचे नुकसान होते; परंतु तांदळाची पिशवी हातात देऊन गोंड म्हातारीला कॅमेऱ्याकडे पाहावयास लावणे, यात इजा तिला होते. हे दोन दोष एकाच मापाने मोजू नयेत.

आणखी एक नाजूक विषय आहे आणि तो टाळून चालणार नाही. जंगलातील हे शेजारी आपल्या धर्माचे नाहीत. जे तुमच्याशी धर्माच्या कारणावरून लढले नाहीत, त्यांच्याशी भलाईने व न्यायाने वागण्यास अल्लाह मनाई करीत नाही, हे सूरह अल-मुमतहिनाने सांगून ठेवले आहे. प्रश्न असा विचारला जातो की, मदतीबरोबर दावत द्यावी काय? माझे मत स्पष्ट आहे. कोणी आपल्या दीनविषयी विचारले तर सत्य सांगावे. पण बियाण्याच्या पोत्यात दावत बांधून देऊ नये. सूरह अद्-दहरमध्ये ज्या नेक लोकांची स्तुती आहे ते अन्न देतात आणि खाणाऱ्याकडून मोबदलाही इच्छीत नाहीत, आभारही नाहीत. भुकेच्या बदल्यात मागितलेले ईमान हा तर मोबदल्याचा सर्वांत जड प्रकार झाला.

विहिरीविषयी एवढे पुरे. आता माप.

दर जुम्याला खुत्ब्याच्या शेवटी आपण सूरह अन्-नहलची जी आयत ऐकतो, तिच्यात अल्लाहच्या आज्ञांचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी अदल, मग एहसान. न्याय हे देणे आहे, भलाई त्याच्यावर. आणि चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, अहेरी, सिरोंचा येथे आपला समाज काही केवळ स्वयंसेवक म्हणून राहत नाही. आपल्यापैकी कित्येकांची किराणा दुकाने आहेत, काही जण आठवडी बाजारात मोह, चारोळी, डिंक, धान खरेदी करतात. मुलगा गावात जाऊन विक्रीचे धडे देतो आणि वडील त्याच गावाचा माल बाजारात तोलतात, अशी घरे कल्पनेतली नाहीत. शुऐब (अलै.) यांच्या उपदेशात पुऱ्या मापाशेजारीच आणखी एक शब्दयोजना आहे, जिचा आशय असा की लोकांच्या वस्तूंचे मोल घटवू नका. मुफस्सिरांनी यात मालाला नाहक नावे ठेवण्याचाही समावेश केला आहे. मोहात माती आहे, चारोळी ओली आहे, धानात पोचट फार, असे म्हणत पायलीमागे दोन मुठी आपल्या बाजूला ओढणारा दुकानदार तराजूला हातही न लावता मदयनवासी होतो. अशा घरातून निघालेली खिदमत ही घेतलेल्यातले थोडे परत करणे ठरते, आणि परतफेडीला सदका म्हणता येत नाही. हे मी कठोर बोलतो आहे, याची जाणीव आहे. प्रामाणिक व्यापारीही आपल्यात पुष्कळ आहेत, आणि हदीसमध्ये त्यांना आखिरतेत नबी व सिद्दीक यांच्या सहवासाची खुशखबर आहे. माझ्या दृष्टीने वाजवी भाव देणारा असा एक खरेदीदार दहा शिबिरांपेक्षा गावाच्या अधिक उपयोगी पडतो.

मोहाच्या खरेदीचा प्रश्न आपल्याकडे नेहमी निघतो, कारण त्या फुलाची दारूही होते. फिकहमध्ये याला जवळची मिसाल आहे ती द्राक्षरसाची. जो दारू बनवील त्याला रस विकणे इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते वैध, कारण पाप पुढील कृतीत आहे, साहिबैन यांनी ते मकरूह मानले. मोह हे मुळात अन्न आहे. गोंड आणि माडिया घरांत तो भाजून, शिजवून खाल्ला जातो, लाडू होतात, जनावरांनाही घालतात. ज्याला खबरदारी बाळगावयाची आहे त्याने खाण्यासाठी घेणारे ग्राहक शोधावेत, भट्टीवाल्याला विकू नये. परंतु ‘आम्हांला हा माल तसा संशयास्पदच’ असे म्हणून भाव पाडणारा तकवा मला समजत नाही.

मोह मार्चपासून पडू लागतो. बाया पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन निघतात, आठवड्यांमागून आठवडे वेचतात, अंगणात वाळवितात आणि बहुतेक घरे तो लगेच विकून टाकतात, कारण मीठ-तेल आणि उधारी थांबत नाही. तोच मोह पावसाळ्यात महाग होतो आणि कधी कधी विकणाऱ्या घरालाच चढ्या भावाने परत घ्यावा लागतो. साठवावा कसा, हे त्यांना ठाऊक आहे. हवे आहेत ते मधल्या तीन-चार महिन्यांसाठी थोडे पैसे, ज्यांवर व्याज नाही. जकातीची रक्कम यासाठी वापरता येणार नाही. ती मुस्लिम हकदारांचीच आहे. कर्जे-हसना मात्र देता येते, आणि नफली सदक्याच्या निधीतून ते उभे करण्यास कोणतीही आडकाठी नाही. आपल्या जमातींच्या बैतुलमालांनी पाच-दहा गावांच्या ग्रामसभांना विचारावे की अशी रक्कम त्यांना हवी आहे काय, किती, आणि परतफेड कधी सोयीची पडेल. विचारावयाचे तर फेब्रुवारीतच विचारले पाहिजे. मोह पडू लागल्यावर कोणाला बसून बोलावयास सवड नसते.